२४ मिलिमीटरचा ‘आ’

मी ध्वनिपुस्तकांसाठी वाचन करते. दिवसातले तीन-चार तास माझं तोंड मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर असतं, म्हणून माझ्या उजव्या जबड्यातला ‘टक्’ माझ्याआधी मायक्रोफोनने ऐकला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने एकदा काचेपलीकडून विचारलं, “ताई, हातात पेन आहे का? बटण दाबल्यासारखं काहीतरी वाजतंय.” हातात काही नव्हतं. त्याने तो तुकडा आवाज वाढवून परत ऐकवला. मोठं वाक्य सुरू करण्याआधी मी श्वास घ्यायला तोंड उघडते, नेमका तिथे एक बारीक, कोरडा टक्. पुढच्या परिच्छेदाआधी पुन्हा. आणि तोंड मिटताना त्याहून हलका, लक्ष दिलं तरच ऐकू येणारा दुसरा.

दुखत नव्हतं, म्हणून चार वर्षं मी ते मनावर घेतलं नाही. श्वास हळू घ्यायला शिकले, तोंड जरा कमी उघडून वाचायला शिकले. उरलेले टक् तो मुलगा संपादनात कापून टाकायचा. मधूनमधून सकाळी गाल आंबलेले असायचे, कानशिलं जड वाटायची. झोप नीट झाली नसेल, असं म्हणून सोडून द्यायचे.

मग एका सकाळी जांभई अर्ध्यावर अडली. कपाटाचा खण ओढावा आणि आत काहीतरी आडवं येऊन तो मध्येच थांबावा, तसं. त्या क्षणी दुखलंही नाही. उजव्या कानाच्या पुढे काहीतरी टणक मध्ये आलं आणि जबडा पुढे जाईना, एवढंच. आरशासमोर उभी राहून पुन्हा प्रयत्न केला. एरवी तीन बोटं उभी सहज मावायची, आज दोनसुद्धा मुश्किलीने गेली. आरशात आणखी एक गोष्ट दिसली: हनुवटी सरळ खाली न जाता शेवटी शेवटी उजवीकडे वळत होती.

त्या दिवशीचं वाचन ठरलेलं होतं, गेले. वाचता येत होतं, कारण बोलायला जबडा फार उघडावा लागत नाही. पुढच्या दातांमध्ये सेंटिमीटरभर जागा झाली तरी बहुतेक शब्द निभतात; ‘स’ म्हणताना तर वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना टेकायच्या बेतात असतात. पण माझा ‘आ’ चेपला जात होता. ‘आभाळ’ म्हणताना त्यातलं मोकळेपण कुठेतरी टाळूखालीच राहून जात होतं. तासाभराने काचेपलीकडून आवाज आला, “ताई, आज एकही टक् नाही!” त्याला आनंद झाला होता. माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षं न चुकता येणारा आवाज आणि तोंडाचा ‘आ’, दोन्ही एकाच रात्रीत गेले होते. त्यांचा काहीतरी संबंध आहे हे मला तेव्हाच कळलं. कसा, ते कळायला आणखी काही दिवस जायचे होते.

संध्याकाळपर्यंत कान ठणकायला लागला, म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात उजेड टाकून पाहिलं. पडदा स्वच्छ. मग दोन्ही कानांच्या लगेच पुढे बोटं ठेवून मला तोंड उघडमीट करायला सांगितलं आणि म्हणाले, “कानाला काही झालेलं नाही. दुखतोय तो कानाचा शेजारी.” जबड्याच्या सांध्याची संवेदना जी नस मेंदूकडे नेते, तिच्याच फांद्या कानाच्या बाहेरच्या भागाला आणि कानशिलाला जातात. त्यामुळे सांधा बोंबलतो आणि माणूस कान धरून बसतो. जेम्स कॉस्टेन नावाच्या अमेरिकन कान-घसा तज्ज्ञाने १९३४ साली अशाच रुग्णांबद्दल लिहिलं होतं: कान दुखतो, कानात दडे बसतात, आणि मूळ सांध्यात असतं. दाढा गेल्या की जबडा मागे सरकून आजूबाजूच्या नसांवर दाबतो, हे त्याने दिलेलं कारण पुढे शरीररचनेच्या अभ्यासात टिकलं नाही. तरी या तक्रारी बरीच वर्षं त्याच्याच नावाने ओळखल्या गेल्या.

त्यांनी मला जबड्याच्या सांध्याचं काम बघणाऱ्या दंतवैद्यांकडे पाठवलं. भेट मिळायला चार दिवस होते, आणि त्या चार दिवसांत मी जी चूक केली ती सांगितलीच पाहिजे, कारण जबडा अडकलेला जवळजवळ प्रत्येक माणूस ती करतो असं मला नंतर कळलं. मी जोर लावला. आधी अंगठा आणि तर्जनी कात्रीसारखी दातांमध्ये घालून, मग चपट्या लाकडी काड्यांची चळत करून. एक काडी वाढली की वाटायचं, सुटतंय. तिसऱ्या सकाळी उजवा गाल सुजला होता, दाढा एकमेकींवर नीट बसत नव्हत्या आणि घास गिळतानाही कळ मस्तकात जात होती. गंजलेलं दार ढकलून उघडतं, म्हणून मी ढकलत होते. हे त्या जातीचं दारच नाही हे मला ठाऊक नव्हतं.

दंतवैद्य डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटं तोंडात पाहिलंच नाही. टक् कधी सुरू झाला, उघडताना की मिटताना, दोन्ही वेळा का, कधी आपोआप थांबायचा का, रात्री दात खाता का, सकाळी कुठे दुखतं. मग एक छोटी पट्टी घेतली. वरच्या पुढच्या दाताची कड ते खालच्या पुढच्या दाताची कड: २४ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडतं. त्यांनी माझ्या दातांवर बोटं टेकवून अगदी हलका दाब दिला. २५. “स्नायू आखडला असता तर रबरासारखं अजून चार-सहा मिलिमीटर आलं असतं,” त्या म्हणाल्या. “हे भिंतीला लागल्यासारखं थांबतंय.”

मग जबडा बाजूला सरकवायला सांगितलं. आधी उजवीकडे: ९. मग डावीकडे: ४. दोनदा मोजलं, तेवढंच. मग पुढे काढायला सांगितलं, तर हनुवटी पुढे जाता जाता उजवीकडे वळली. “उजव्या सांध्यातली चकती पुढे सटकून अडकलीय,” त्यांनी सांगितलं. अजून एकही फोटो काढलेला नव्हता.

मी विचारलं, नुसत्या पट्टीवरून कसं कळलं? दुखणं उजवीकडे, पण कमी सरकतोय तो डावीकडे. मला ते उलटंच वाटत होतं. त्यांनी कपाटातून प्लास्टिकची कवटी काढली आणि पुढचा अर्धा तास जे दाखवलं, त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. आपल्या शरीरातला हा एवढा वापरात असलेला भाग, आणि मला त्याची चाल मुळातूनच चुकीची माहीत होती.

खालचा जबडा हे एकच हाड आहे. दुसऱ्या शतकातला गॅलेन ते दोन हाडांचं असतं असं लिहून गेला होता. त्याने चिरून पाहिले होते ते प्राणी. शतकानुशतकं तेच शिकवलं जात राहिलं, आणि १५४३ साली आंद्रेयास व्हेसालियसने माणसाचा जबडा पाहून ते खोडून काढलं. हे एकच हाड घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं असतं आणि त्याची दोन्ही टोकं कानांच्या पुढे वर जाऊन एकेका गोळ्यात संपतात. म्हणजे उजवा सांधा एकटा हलूच शकत नाही. त्याने काही केलं की डाव्याला साथ द्यावी लागते. शरीरातल्या फार थोड्या सांध्यांना असा कायमचा जोडीदार इतक्या घट्ट बांधलेला असतो.

तो गोळा ज्या खोबणीत बसतो ती कवटीच्या हाडात, कानाच्या भोकाच्या लगेच पुढे असते. इथवर मला बिजागरी दिसत होती. पण खोबणीच्या पुढे एक गुळगुळीत उंचवटा आहे, कवटी उलटी धरली तर टेकडीसारखा. डॉक्टरांनी कवटीचा जबडा उघडला. आधी गोळा खोबणीतच फिरला. पुढच्या दातांमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जागा होईपर्यंत एवढ्यावर भागतं. मग त्यांनी जबडा आणखी उघडला, आणि गोळा खोबणीतून निघून त्या उंचवट्याच्या उतारावरून खाली आणि पुढे घसरला, थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत. सेंटिमीटरभराहून जास्तच. मोठी जांभई देताना जबड्याचे दोन्ही गोळे आपली जागा सोडून पुढे आलेले असतात! मला ते तेव्हा खरं वाटेना. त्यांनी माझी तर्जनी माझ्याच डाव्या, चांगल्या सांध्यावर ठेवली. तोंड मिटलेलं असताना बोटाखाली एक टणक उंचवटा. तोंड उघडू लागले, तो जागच्या जागी हलला, आणि मग सटकून पुढे गेला. बोटाखाली खड्डा पडला. उजव्या बाजूला बोट ठेवलं. उंचवटा हलला आणि तिथेच राहिला.

वाचणाऱ्याने आत्ता दोन्ही तर्जन्या कानांच्या बोटभर पुढे ठेवून हळूच तोंड उघडून पाहावं. तो खड्डा हाताला लागला की पुढचं सगळं आपोआप समजतं.

गोळा आणि कवटीचं हाड यांच्यामध्ये एक चकती असते. मध्ये पातळ, पुढच्या आणि मागच्या कडेला जाड, त्यामुळे गोळ्यावर टोपीसारखी बसते. ती सांध्याचे दोन मजले करते. खालच्या मजल्यावर, चकती आणि गोळा यांच्यामध्ये, फिरणं होतं. वरच्या मजल्यावर, चकती आणि कवटी यांच्यामध्ये, घसरणं होतं. तोंड मोठं उघडताना गोळा चकतीला डोक्यावर घेऊनच उतारावरून खाली जातो. चकतीच्या मधल्या भागात ना रक्तवाहिनी ना नस. त्यावर दाब पडला तरी तो दुखत नाही, दाब घेण्यासाठीच तो आहे. तिच्या मागे मात्र रक्ताने आणि नसांनी भरलेला मऊ भाग असतो. त्याच्यावर दाब पडायचा नसतो.

माझी चकती कित्येक वर्षांपूर्वी गोळ्यावरून पुढे सटकली होती. तोंड उघडताना गोळा पुढे निघायचा, चकतीच्या मागच्या जाड कडेवर आपटून तिच्याखाली शिरायचा, तो पहिला टक्. म्हणजे तो बिघाडाचा आवाज नव्हता, बिघडलेलं जागेवर येण्याचा होता. मिटताना चकती पुन्हा पुढे निसटायची, तो दुसरा, हलका. त्या रात्री गोळा चकतीच्या मागेच राहिला. कडेखाली शिरता येईना, पुढे जाता येईना. म्हणून टक् बंद, आणि घसरणंही बंद. उरलं ते नुसतं फिरणं: दोन-अडीच सेंटिमीटर. चोवीस मिलिमीटर. मला माझा आकडा असा उलगडून कळला तेव्हा, खरं सांगते, दुखणं असतानाही मन शांत झालं.

डावीकडच्या चार मिलिमीटरचंही तेच. जबडा डावीकडे न्यायचा तर डावा गोळा जवळजवळ जागीच फिरतो आणि उजव्याला पुढे, खाली आणि आत घसरावं लागतं. कवटीच्या तळापासून निघून गोळ्याच्या मानेला धरणारा एक आडवा स्नायू हे ओढायचं काम करतो. उजवा ओढला की हनुवटी डावीकडे, डावा ओढला की उजवीकडे, दोन्ही ओढले की सरळ पुढे. माझा उजवा स्नायू ओढत होता, पण गोळा हलत नव्हता. तोंड उघडताना डावा गोळा मोकळा पुढे जायचा, उजवा मागे राहायचा, म्हणून हनुवटी उजवीकडे वळायची. नांगराला जुंपलेल्या जोडीतला एक बैल थांबला की नांगर त्याच्याकडे वळतो, तसं.

त्यांनी कागदावर एक आकृतीही काढली. खालच्या पुढच्या दाताची कड जबड्याच्या सगळ्या हालचालींत जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकते, त्या हद्दीची. उल्फ पोसेल्ट नावाच्या स्वीडिश दंततज्ज्ञाने १९५२ साली ती मांडली. बाजूने पाहिलं तर उभ्या पानासारखा, एका बाजूने वाकलेला आकार. त्याच्या मागच्या रेषेत एका ठिकाणी बाक आहे: तिथपर्यंत नुसतं फिरणं, तिथून पुढे घसरणं. डॉक्टरांनी त्या बाकावर फुली मारली. “तुम्ही इथे आहात.” तो कागद अजून माझ्या वहीत आहे.

एमआरआय नंतर झाला, चकती दिसते ती त्यातच. साध्या एक्स-रेत फक्त हाडं दिसतात. डोकं दोन्ही बाजूंनी बंद, कानात बोळे, आधी तोंड मिटून आणि मग दातांमध्ये प्लास्टिकचा तुकडा धरून. दुसरा भाग अवघड गेला, कारण गिळायचं नव्हतं. चित्रात डाव्या बाजूची चकती दोन्ही कडांना फुगीर आणि मध्ये चेपलेली, एक छोटी काळी गाठ मारलेली फीत असावी तशी, गोळ्याच्या माथ्यावर बसलेली. उजवीकडे ती गोळ्याच्या पुढे चुरगळून पडलेली. तोंड उघडं असतानाही तिथेच. पट्टीने जे सांगितलं होतं त्यात एमआरआयने बदल केला नाही.

उपचार ऐकून मी थोडी खट्टू झाले होते. मला वाटलं होतं चकती परत जागेवर बसवतील. पहिल्याच भेटीत त्यांनी अंगठा खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली आणि पुढे ओढत तो प्रयत्न केलाही. ताज्या अडकण्यात कधी कधी बसते. माझी बसली नाही. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं की चकती पुढेच राहण्याची शक्यता जास्त, आणि तरीही तोंड उघडेल. मागचा तो मऊ भाग हळूहळू दाब सोसायला शिकतो, त्यात रक्तवाहिन्या कमी होऊन तंतू वाढतात, आणि तो चकतीची जागा काही प्रमाणात चालवून नेतो. पण त्याला ठेचत राहिलं तर ते होत नाही. म्हणजे काड्यांची चळत लावून मी नेमकं त्यालाच ठेचत होते.

काही महिन्यांत सुटलं नाही तर वरचा मजला सुयांनी धुता येतो, हेही सांगितलं. ही पद्धत अडकलेल्या जबड्यासाठी १९९१ साली पुढे आली, आणि तिच्यातली थक्क करणारी गोष्ट अशी की चकती होती तिथेच राहूनही धुतल्यावर तोंड उघडतं. म्हणजे घसरणं अडण्यात चिकटण्याचाही वाटा असतो. मला ते करावं लागलं नाही.

पहिले दोन आठवडे: मऊ अन्न, लहान घास, ओल्या कपड्याचा शेक, काही दिवस सुजेवरच्या गोळ्या, वाचन दिवसाला एक तास. रात्रीसाठी वरच्या दातांवर बसणारी कडक, सपाट पट्टी करून दिली. माझ्या दाढांचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले होते आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे होते. रात्री मी दात खात होते याचे ते पुरावे.

आणि दिवसासाठी एक सूचना, जी मला सगळ्यांत जड गेली: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. तोंड मिटलेलं म्हणजे दातही मिटलेले, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. विसाव्याला वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन-चार मिलिमीटर अंतर असायला हवं. ते एकमेकांना भिडायचे फक्त चावताना आणि गिळताना. मी स्वतःवर लक्ष ठेवायला लागले आणि थक्क झाले. संगणकावर दुरुस्त्या करताना दात आवळलेले. अवघड जोडाक्षर येणार असलं की आवळलेले. फोनवर कुणाचं ऐकून घेताना, आवळलेले. संगणकाच्या कडेला एक लहानसा हिरवा ठिपका चिकटवला. तो दिसला की दात सोडायचे. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा सोडत होते, म्हणजे तेवढ्या वेळा आवळत होते.

व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवले. पहिला सोपा दिसतो: ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती टेकवून ठेवायची आणि तिला न सोडता तोंड उघडायचं. जीभ तिथे असली की जबडा पुढे घसरू शकत नाही, फक्त फिरतो. सहा वेळा, दिवसातून सहादा. दुसरा आरशासमोर: नाकावरून हनुवटीपर्यंत आरशावर एक उभी रेघ काढलेली, आणि हनुवटी त्या रेघेवरून न हलवता उघडायचं. वळायला लागली की तिथेच थांबून परत. जास्त उघडणं हा हेतूच नाही, सरळ उघडणं हा. मला ते पटायला आठवडा गेला. जिथे दुखतं तिथपर्यंत न जाता, त्याच्या अलीकडेच थांबायचं, आणि तरी रोज यायचं. जोर लावण्याची सवय असलेल्या माणसाला याचा अर्थ कळायला वेळ लागतो.

पुढे, सूज पूर्ण गेल्यावर, बाजूला सरकण्याचे व्यायाम आले. पुढच्या दातांमध्ये एक मऊ नळी हलकी धरून ती दातांवर गडगडवत जबडा डावीकडे, उजवीकडे न्यायचा. डावीकडे जाताना उजव्या कानापुढे बोट ठेवून मी वाट बघायचे: हलतोय का गोळा? आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट हातमोजा घालून अंगठ्याने दाढ खाली दाबत, सांध्यातलं अंतर वाढवत, गोळा हळूहळू पुढे ओढायची. त्यात जोर होता, पण दिशा वेगळी. मी तोंड फाकवत होते; ती आधी खाली ओढून जागा करत होती आणि मग पुढे नेत होती.

वहीतले आकडे: पहिल्या दिवशी २४. दुसऱ्या आठवड्यात २५. चौथ्यात २६, आणि मी रडले. सहाव्यात २९. मग जवळजवळ तीन आठवडे २९च. एका सकाळी दात घासताना काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, आवाज नाही, कळ नाही. मोजलं तर ३२. अकराव्या आठवड्यात ३५, आणि डावीकडे ७.

याच काळात वाचलेली एक गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, इथेही सांगते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याचा सांधा वेगळ्या दोन हाडांचा असतो. सस्तन प्राण्यांत नवा सांधा तयार झाला, आणि जुन्या सांध्याची ती दोन हाडं लहान होत होत मध्यकर्णात गेली: आपल्या कानातले हातोडा आणि ऐरण. कार्ल रायशर्टने १८३७ साली गर्भांची वाढ पाहून हा संबंध दाखवला. पुढे असे जीवाश्मही मिळाले ज्यांत जुना आणि नवा, दोन्ही सांधे एकाच जबड्यात आहेत. कान-घशाच्या डॉक्टरांनी जबड्याच्या सांध्याला “कानाचा शेजारी” म्हटलं होतं. शेजारी कसला, वाड्याची वाटणी झालेली सख्खी भावंडं आहेत ती. दिवसभर जबडा हलवून मी जे बोलते, ते ऐकणाऱ्याच्या कानात पूर्वीच्या जबड्याची हाडं हलवतं. हे कळल्यापासून वाचायला बसताना मला दरवेळी एक वेगळाच आदर वाटतो.

पाच महिन्यांनी आकडा ४१वर आला आणि तिथे राहिला. दुसरा एमआरआय काढला नाही. डॉक्टर म्हणाल्या, चकती बहुधा अजून पुढेच असेल, पण तोंड उघडतंय, दुखत नाहीये, मग चित्रावर उपचार करायचे नाहीत. टक् परत आला नाही. कधीकधी उजवीकडे वाळूवरून पाऊल घसटल्यासारखी बारीक करकर येते, मायक्रोफोनला ती ऐकू जात नाही. रात्रीची पट्टी चालू आहे. मोठी जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरते.

गेल्या महिन्यात एका जाड पुस्तकाचं वाचन सुरू केलं. पहिल्याच पानावर ‘आभाळ’ होतं. वाचण्याआधी, काचेपलीकडचा मुलगा पातळी लावत होता तेवढ्यात, मी दोन्ही तर्जन्या कानांपुढे ठेवल्या आणि तो शब्द आवाज न करता मोठ्याने म्हणावा तसा तोंडात म्हणून पाहिला. डाव्या बोटाखाली खड्डा पडला. मग, क्षणभर उशिराने, उजव्या बोटाखाली.